नाव खोडायचं नाही असं ठरलं होतं, मेहरू

मेहरू, ये अशी. सरक जवळ. दारातच उभी राहून बोलायची तुझी सवय मला कधी आवडली नाही. पायात चप्पल, एक हात चौकटीला, आणि "आत्ता निघते अक्का, आत्ता निघते" म्हणत तास घालवायचा. आज बस खाली. मला तुला रागवायचंय, आणि उभ्या माणसाला मला नीट रागवता येत नाही.

असं कुणी जातं का गं, भांडण अर्धं टाकून? मेसमध्ये दुपारची डाळ उकळायला लागली होती आणि नांदेडहून तुझ्या सुनेचा, शबानाचा फोन आला. "अक्का, अम्मी गेल्या." मी हातातली पळी तशीच धरून विचारलं, "कुठं गेल्या?" पासष्ट वर्षांची बाई मी, अख्खं गाव मातीत गेलेलं बघितलेली, आणि विचारते काय, तर कुठं गेल्या. पोरगी बिचारी रडायला लागली. मग मला कळलं.

एसटीनं लातूरहून नांदेडला पोचेपर्यंत तुला नेलं होतं. तुमच्यात उशीर करत नाहीत, मला काय माहीत नाही का? तरी वाटलं होतं, माझ्यासाठी घटकाभर थांबशील. तीन वर्षं मी तुला एक फोन केला नाही आणि तू मात्र माझ्यासाठी थांबावंस. हक्कच तसा होता माझा, काय करणार.

तुझ्या ओसरीत त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. त्यावरूनच रागवायचंय तुला. पण आधी सगळं पहिल्यापासून सांगते, कारण तू म्हणायचीस, अक्का कुठलीबी गोष्ट स्वतःच्या अंगणातून वळवून नेते. आज नाही वळवत. चुकलं तर टोक.

भूकंपानंतरचे पत्र्याचे शेड आठव. तुझी खोली नि माझी खोली, मधी एकच पत्रा. तू तिकडं खोकलीस की मी इकडून म्हणायची, "पाणी पी गं." गावात असताना आपण कुठं एवढ्या बोलायचो? तुझं घर वेशीकडं, नवऱ्याचं शिलाईचं दुकान. माझं घर मठाच्या मागं, माळवदाचं, वर जड मातीचं छत. त्या माळवदानं माझी लेक गंगा घेतली. पाच वर्षांची होती. तुझी तिन्ही लेकरं त्या रात्री दुकानात पत्र्याखाली झोपली होती, तिन्ही वाचली. हे मी इथं लिहून ठेवते, कारण पुढं याचाच दगड करून मी तुला मारला.

मदतीच्या पोत्यांतून काय काय यायचं ते आठवतं ना? उंच टाचांच्या चपला, लग्नातले कोट, एक पाय असलेली बाहुली. एका पोत्यात पत्त्यांचे गठ्ठे निघाले, परदेशी पैलवानांचे. वर फोटो, खाली उंची, वजन, किती कुस्त्या मारल्या. दोघांनी एकेक पत्ता काढायचा, ज्याचा आकडा मोठा त्यानं दुसऱ्याचा घ्यायचा. लेकरं महिनाभर बोलत नव्हती, ती त्या पत्त्यांवरून पहिल्यांदा भांडली. तू म्हणालीस, "भांडून राहिली अक्का, म्हंजे बरी होऊन राहिली. आता यांची टूर्नामेंट लावते." शेडात शिकवायला एक गुरुजी आले होते, बुद्धिबळाच्या स्पर्धेत पंच असायचे. त्यांना विचारून तू बाद पद्धत लावलीस. जिंकला तो पुढं, हरला तो बाहेर. चोवीस लेकरांची नावं कागदावर लिहिलीस आणि तो कागद लावलास खांबाला.

मुदखेडची मुलगी तू, रेल्वेच्या जंक्शनवर वाढलेली. यादी लावायची ती सगळ्यांना दिसेल अशा खांबाला, एवढंच तुला ठाऊक. पण आपल्या शेडात तो खांब कसला होता? सगळ्यात पहिली यादी तिथं लागली होती ती न सापडलेल्यांची. माणूस सापडलं की माती द्यायची, आणि नावावर लाल पेन्सिलीची रेघ. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. तीन नावं तेवढी बघून ओळखू यायची, माझं, माझ्या लेकाचं, बसवराजचं, नि गंगाचं. गंगाच्या नावावरची रेघ मी त्याच खांबावर बघितली होती.

त्या दिवशी टँकरवरून घागर घेऊन आले, सहज वर बघितलं, तर बसवराजचं नाव आणि त्यावर लाल रेघ. घागर कुठं गेली मला माहीत नाही. मी कुठं बसले ते माहीत नाही. बाया सांगतात, मी ओरडले सुद्धा नाही, नुसती माती उकरत होते दोन्ही हातांनी. तू धावत आलीस, "अगे अक्का, काय झालं, काय झालं," आणि माझी नजर जिकडं होती तिकडं बघितलंस. मग तुला कळलं. बारा वर्षांचा माझा बसू पहिल्या फेरीत हरला होता आणि मागं पटांगणात पत्ते मोजत बसला होता. एवढंच झालं होतं.

तू तो कागद फाडलास. तुकडे तुकडे केलेस. पेन्सिल मोडलीस आणि माझा मातीचा हात धरून म्हणालीस, "अक्का, अल्ला की कसम, तुझ्यासमोर पुन्हा कुणाचं नाव खोडणार न्हाई."

हे वचन तू दिलं होतंस. मी मागितलं नव्हतं.

मग गुरुजींनी दुसरी पद्धत सांगितली. ते तिला स्विस म्हणायचे. आपल्याला ते नाव काही पटलं नाही, आपण म्हणायला लागलो 'बरोबरीची जोडी'. पहिल्या फेरीत चिठ्ठ्या टाकायच्या. दुसऱ्या फेरीत जिंकलेल्याची जोडी जिंकलेल्याशी, हरलेल्याची हरलेल्याशी. पुढंही तसंच, ज्याचे जेवढे विजय तेवढेच विजय असलेल्याशी त्याला बसवायचं, आणि एकदा खेळलेली जोडी परत लावायची नाही. कुणी बाहेर जात नाही. जिंकलं तर नावापुढं ठिपका, हरलं तर जागा कोरी. रेघ नाहीच. लेकरं शेवटच्या फेरीपर्यंत बसून राहायची, आणि मला तेच हवं होतं. सगळी डोळ्यांसमोर.

त्याच पत्त्यांवर तू मला वाचायला शिकवलंस. 'उंची', 'वजन'. वजन हा मी वाचलेला पहिला शब्द, कारण त्याला काना-मात्रा काही नाही. आज हे पानंच्या पानं लिहून राहिले ती त्याच अक्षरांनी. त्यासाठी तुझे उपकार मानायचे राहिले, ते इथं मानते. पण राग वेगळा आणि उपकार वेगळे. एकानं दुसरा फिटत नाही, हे तुला सांगून ठेवते.

मग आपण दोघी लातूरला आलो. क्लासच्या गल्लीत मी पोरींची मेस टाकली, शेजारी तू वह्या-पेनांचं नि झेरॉक्सचं दुकान. बघता बघता गल्लीचा रंगच बदलला. उदगीर, देगलूर, जळकोट, कुठून कुठून पोरी यायच्या, पाठीवर दप्तर, हातात पाण्याची बाटली, आणि तोंडात एकच, मेडिकल. रविवारी सकाळी चाचणी. तिचा निकाल क्लासच्या दारात कागदावर लागायचा, पहिल्यापासून शेवटपर्यंत, आणि त्या क्रमानं बॅच बदलायची. वरच्या बॅचची पोरगी खाली आली की तिची ताटावरची जागासुद्धा बदलायची. कुणी सांगायचं नाही. आपोआप कोपऱ्यात जाऊन बसायची.

तुझ्या दुकानात तेव्हा लढाईच्या पत्त्यांची पाकिटं यायची. त्यात राक्षस, पक्षी, योद्धे, प्रत्येकाला हल्ल्याचा एक आकडा नि बचावाचा एक. रविवारी दुपारी मेसमध्ये पुरी-भाजी नि गोड, आणि संध्याकाळी मेस बंद. त्यामुळं जेवण झाल्यावर पोरी रिकाम्या. तू म्हणालीस, "अक्का, या पोरींचे तोंड बघ, शेडातल्या लेकरांसारखे झाले. लावू का परत?" मी म्हणलं, "लाव. पण नाव खोडायचं नाही." तू म्हणालीस, "हौ गं, माहितीय."

पहिल्यांदा आपण सांगितलं, जिनं तिनं आपापला गठ्ठा घेऊन यायचं. उदगीरच्या अडत्याची एक पोरगी दोन डबे भरून पत्ते घेऊन आली. महिनाभर तिच्यापुढं कुणी टिकेना. तू तिला म्हणालीस, "बाई, खेळते तू का तुझे पप्पा?" पोरी इतक्या हसल्या. मग तू वाटून निवडायची रीत काढलीस. सगळ्यांनी पंगतीसारखं गोल बसायचं, प्रत्येकीनं तिथंच एक नवं पाकीट फोडायचं, एक पत्ता ठेवायचा आणि बाकीचे डावीकडं सरकवायचे. उजवीकडून आलेल्यांतून परत एक. असं करत जो गठ्ठा जमेल त्यावर खेळायचं, आणि खेळ झाला की सगळे पत्ते परत डब्यात. कुणाच्या घरचं काही चालत नव्हतं तिथं. तरी एकदोघी अशा निघाल्याच, स्वतःच्या कामाचा नसलेला पत्ता उचलायच्या, का तर डावीकडचीला मिळू नये. मी एकीचा कान धरला, "ही कुठली बुद्धी गं?" ती म्हणाली, "अक्का, क्लासमध्ये असंच चालतंय." तू खो खो हसलीस. मला हसू आलं नाही.

आणि तुझी खुर्ची. त्या खुर्चीचं मला आता इतकं वाईट वाटून राहिलंय. बरोबरीच्या जोडीत संख्या सम लागते. एकतीस पोरी असल्या की एक उरायची, तिला कुणी जोडीदार नाही. पंच अशा वेळी उरलेलीला न खेळता विजय देतात. तू म्हणालीस, "एकटी बसून जिंकण्यात काय मजा?" आणि तू स्वतः बत्तिसावी होऊन बसायचीस, दुकानातली प्लास्टिकची खुर्ची घेऊन, कारण खाली बसलं की तुझे गुडघे धरायचे. यादीत तुझं नाव सगळ्यांत खाली. आणि तू कधीच जिंकायची नाहीस. चांगला पत्ता हातात असला तरी भलताच टाकायचीस आणि कपाळावर हात मारायचीस, "हाय अल्ला, परत गेली मी!" मला वाटायचं तुला खेळ येत नाही. मी चेष्टा करायची, "एवढी वर्षं झाली मेहरू, एक ठिपका तरी घे नावापुढं."

मग पल्लवी आली. आपल्या बसूची मुलगी, माझी नात. बारावी झाली, मेडिकलची पहिली परीक्षा दिली, नंबर लागला नाही. मी बसूला म्हणलं, माझ्याजवळ ठेव, माझ्या हातचं खाईल, क्लासही दारात आहे. दुसऱ्या वर्षीही नाही. बसू म्हणाला, "अव्वा, बास करू का?" मी म्हणलं, "बास कशाला? एकदा हरलं म्हणून नाव खोडायचं असतं का?" तिसरं वर्ष सुरू झालं. अभिमान होता मला त्याचा, मेहरू. सगळ्या गल्लीला सांगायची, माझी नात बसलीय अजून, उठली नाही.

त्याच दिवाळीनंतर एक नवी पोरगी मेसला आली, बत्तीस पुऱ्या झाल्या. तुझी खुर्ची उचलून परत दुकानात गेली. मला त्यात काय वाटायचं होतं? उलट बरंच वाटलं, की तुला आता आराम.

मग तो रविवार. एक देगलूरची पोरगी तापानं खोलीवर झोपली होती, परत एकतीस झाल्या, तू खुर्ची घेऊन आलीस. आणि सगळ्यांसमोर म्हणालीस, "आज बाद फेरी." मला वाटलं चेष्टा करतेस. तू चिठ्ठ्या काढल्यास. पल्लवीसमोर तुझी चिठ्ठी निघाली. आणि मेहरू, त्या दिवशी मी तुला पहिल्यांदा खेळताना बघितलं. काय खेळलीस! एकामागून एक असे पत्ते टाकलेस की पोरी उठून बघायला आल्या. चार हातांत पल्लवी हरली. तू कमरेच्या पिशवीतून लाल पेन्सिल काढलीस, यादीवरच्या तिच्या नावावर सरळ रेघ ओढलीस आणि म्हणालीस, "बाद. जा, घरी जा बेटा."

आणि ती हसली. महिन्या-दोन महिन्यांत ती पोरगी हसली नव्हती, ती हसली, तुझ्या पाया पडली, खोलीत गेली, दप्तर नाही घेतलं, कपड्यांची पिशवी तेवढी घेतली, आणि दुपारच्या गाडीनं जळकोटला बापाकडं गेली. परत क्लासला आली नाही.

बाकीच्या पंधरा जणींची नावंही तू त्या फेरीत खोडलीस. दुसऱ्या फेरीला तू स्वतःचंच नाव खोडून खुर्चीवरून उठलीस. मी तोवर स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. मला तो खांब दिसत होता.

मग मी बोलले. पोरी गेल्यावर बोलले, एवढी तरी शुद्ध होती. तुला तर शब्दन् शब्द पाठ असणार.

"वचन दिलं होतंस मेहरू. अल्लाची शपथ घेतली होतीस."

"हौ, घेतली होती. मोडली. त्याचा जाब मी वर देईन, तुला न्हाई."

"माझ्या नातीचं नाव खोडलंस तू."

"अक्का, ऐक जरा. बत्तीस जणी, पाच फेऱ्या. तुझ्या बरोबरीच्या जोडीत एकबी न हरलेली कितीक निघती?"

"एक."

"आणि एकबी न जिंकलेली?"

मी ताटं उचलायला लागले.

"तीबी एकच निघती. जशी पयली निघती, तशी शेवटची बी निघती. बाद फेरीत शेवटची कोण असती सांग? सोळा जणी एकदम जातात, कोण शेवटची कुणाला कळतंय? आपण रेघ नक्को म्हणून राहिलो आणि दर रविवारी एकीला पाच पाच बार हरवून शेवटी बसवून राहिलो. सहा रविवार झाले, ती एकच पोरगी तिथं हाय. तू बघितलंस का कवा?"

"माझ्यापाशी होती ती. डोळ्यांसमोर होती."

"मी मुदखेडची. आमच्या टेशनात रोज माणसं उतरतात नि गाडी बदलतात. उतरला म्हंजे मेला नसतो गं अक्का."

आणि मग मी ते बोलले. माझं तोंड, मेहरू, माझंच तोंड. मी म्हणाले, "तुझी तिन्ही जिवंत राहिली म्हणून तुला रेघ ओढता येते."

तू प्लास्टिकची खुर्ची उचललीस, आणि दारात नेहमीसारखी थांबली सुद्धा नाहीस. पुढं चार महिन्यांत दुकान बंद केलंस आणि मुलाकडं नांदेडला गेलीस. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी भाजी निवडत होते. मेथी होती. एकेक पान निवडलं मी त्या दिवशी. मान वर केली नाही.

आता ओसरीतलं सांगते. शबानानं मला पाणी दिलं, आणि आतून पल्लवी आली. माझी पल्लवी, तुझ्या घरातून, डोळे सुजलेले. माझ्या आधी पोचलेली. मी म्हणलं, "तू इथं कशी?" म्हणाली, "आज्जी, मी दर ईदला येते काकूकडं." तीन वर्षं! जळकोटच्या शाळेत लहान लेकरांना शिकवते, हे मला ठाऊक होतं. दर ईदला नांदेडला येते, हे माझ्यापासून तुम्ही दोघींनी लपवलं.

मग ती माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "आज्जी, काकूचा काही दोष नव्हता. मीच गेले होते तिच्या दुकानात. मीच म्हणलं होतं, काकू, मला एकदा बाद करा. आज्जी करू देत नाही, पप्पांचं आज्जीपुढं काही चालत नाही. तुम्ही तरी करा."

काकू, मला एकदा बाद करा.

मी तुला विचारते मेहरू, हे तू मला का सांगितलं नाहीस? एवढं मोठं वाक्य पोटात घालून तू माझ्यासमोर शेवटची कोण नि पहिली कोण याचा हिशेब मांडत बसलीस! एकदा म्हणायचं होतंस, तुझ्याच नातीनं मागितलं. मी तोंड आवरलं असतं. का तुला वाटलं, मी तिच्यावर धावून जाईन? गेले असते. खोटं कशाला बोलू, गेले असते. म्हणून तू माझा सगळा राग स्वतःकडं वळवून घेतलास, डावीकडं सरकवलाच नाहीस, आणि नांदेडला निघून गेलीस. थोरपणा दाखवलास. मला असला थोरपणा नको होता. मला तू शेजारी हवी होतीस.

शबानानं तुझी खेळाची वही मला दिली. इतक्या वर्षांचे रविवार आहेत तिच्यात. एसटीत परत येताना मी एकेक पान वाचलं. दर रविवारी सगळ्यांत खाली तुझं नाव, पुढं एकही ठिपका नाही. शेवटची तू होतीस, मेहरू. जितके दिवस तुझी खुर्ची होती तितके दिवस शेवटची जागा तू अडवून बसली होतीस, म्हणून माझ्या पद्धतीत शेवटचं कुणी नाही असं मला वाटत राहिलं. तुझी खुर्ची गेली आणि तिथं माझी पल्लवी जाऊन बसली. मी चुलीपाशी होते, दहा पावलांवर. मला दिसलं नाही.

पण म्हणून तू जिंकलीस असं समजू नको. भांडण अजून संपलेलं नाही. पल्लवीनं मागितलं होतं, मान्य. त्या दिवशी बाकीच्या पंधरा जणींनी कुठं मागितलं होतं? त्यातली एक नळाजवळ ताट धुता धुता रडत होती, ते तू बघितलंस का? तुला शेवटची दिसली, मला ती नळाजवळची दिसली. दोघींना दोघी दिसायला पाहिजे होत्या, आणि त्यासाठी आपण दोघी एका जागी असायला पाहिजे होतो. आता तू मातीत आणि मी मेसमध्ये. कुठली पद्धत बरी ते कोण ठरवणार? गुरुजीही गेले.

आणि ते दुसरं, तुझ्या तीन लेकरांचं जे बोलले मी. ते मागं घेते. तुझी तिन्ही वाचली याचा मला तेव्हा आनंद झाला होता मेहरू. पत्र्याला कान लावून मी त्यांचं भांडण ऐकायची, घरात लेकराचा आवाज असावा म्हणून. हे तुला तेव्हा सांगायला पाहिजे होतं. मी सांगितलं काय, तर ते.

पुरे आता. पाय आखडले असतील तुझे खाली बसून.

मेस आता लहान झालीय. नवी वसतिगृहं झाली, तिथंच जेवण मिळतं. अकरा पोरी उरल्यात माझ्याकडं. मागच्या रविवारी मी तुझी वही काढली, पत्त्यांचा डबा काढला, पोरींना गोल बसवलं. अकरा म्हणजे एक उरली. जळकोटचीच आहे, बारीक आवाजाची, कुणाच्या नजरेला नजर देत नाही. म्हणलं, तुझ्या जागी आपण बसावं. खुर्ची मांडली, यादीत सगळ्यांत खाली माझं नाव लिहिलं, आणि ठरवून बसले की हरायचं. तुझ्यासारखा भलता पत्ता टाकायचा, कपाळावर हात मारायचा. पण हातात मोठा आकडा आला आणि मेहरू, तो मला सोडवला नाही. मी जिंकले. पोरीनं पत्ते नीट जुळवून माझ्यापुढं ठेवले आणि कोपऱ्यात जाऊन बसली.

तुझं काम मला येत नाही गं. इतकी वर्षं चेष्टा केली, आणि साधं हरता येत नाही मला.

तुझा चाळिसावा दिवस व्हायच्या आधी अजून एक रविवार आहे. पुरी-भाजी करते, तुला आवडतो तसा शेवयाचा शिरखुर्मा पल्लवीकडून शिकून घेते. खुर्ची पुसून ठेवलीय. दारात उभी राहू नको, चप्पल काढून सरळ आत ये आणि त्या पोरीसमोर बस. लौकर ये मेहरू. ती अजून एकटीच उरून राहिलीय.